दवण्याचे कडू भाऊबंद

चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावरून परतलेल्या माणसाबरोबर घरात दोन गोष्टी येतात, गुलाल आणि दवणा. गुलाल चार आंघोळींत निघून जातो. दवण्याची जुडी मात्र वाळून काडी झाली तरी वास सोडीत नाही. आमच्या भागातून बैलगाड्या जोडून वाडी रत्नागिरीला जाणारी मंडळी परत आली की आजी त्यांच्याकडून एक जुडी मागून घेई आणि लुगड्यांच्या पेटीत घाली. दवणा असला की कसर लागत नाही, असे तिचे म्हणणे. आजीचे माहेर धारवाडकडचे, त्यामुळे तिच्या लेखी ही पौर्णिमा म्हणजे 'दवनद हुण्णिमे'. आजोबांच्या पंचांगात ती नुसतीच चैत्री पौर्णिमा.

खरा वाद होई तो गणेशचतुर्थीला. पत्रीपूजेत 'सुमुखाय नमः' म्हटले की पहिले पान कोणते वाहायचे? आजोबांच्या पुण्याला छापलेल्या पोथीत मालतीपत्र. आजीच्या माहेरच्या रिवाजात माचीपत्र. आजोबा पोथी वाचत राहत आणि आजी मुकाट्याने दोन्ही पाने ताम्हनात ठेवी. सीमेवरच्या घरांत असे तंटे बहुधा असेच मिटतात. मला पुढे वनस्पतिशास्त्राच्या एका मित्राने सांगितले की, आजीचे माचीपत्र आणि जोतिबाचा दवणा ही एकाच कुळातली भावंडे आहेत. त्या कुळाचे शास्त्रीय नाव आर्टेमिसिया. जगात त्याच्या चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतला आपला दवणा हा सर्वांत गोड स्वभावाचा. बाकीच्यांची कीर्ती निराळी आहे. ते कडू आहेत, आणि त्या कडूपणाने माणसाला बरेही केले आहे आणि बदनामही झाले आहेत. आज त्या कडू भाऊबंदांची हकीकत सांगायची आहे.

या सर्वांत थोरला म्हणजे इंग्रजीतला वर्मवुड. त्याला मराठीत रूढ नाव नव्हते, कारण तो आपल्याकडे उगवत नाही. तो युरोपचा, मध्य आशियाचा आणि आपल्या देशात काश्मीरचा. बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्यांपुढे प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात ही अडचण उभी राहिली असणार. तिथे आकाशातून एक तारा पडतो, नद्यांचे पाणी कडू होते, आणि त्या ताऱ्याचे नाव या वनस्पतीचे आहे. भाषांतरात शब्द आला 'कडूदवणा'. इतका अचूक शब्द एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञालाही चटकन सुचला नसता! (१९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा याच ताऱ्याची आठवण पुष्कळांना झाली, कारण युक्रेनी भाषेत 'चोर्नोबिल' हे याच कुळातल्या एका झुडपाचे नाव आहे. ते झुडूप मात्र कडूदवण्याचा भाऊ, स्वतः कडूदवणा नव्हे.) मी पुढे हाच शब्द वापरणार आहे.

कडूदवण्याचा औषधी लौकिक फार जुना. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये जंतांवरचा उपाय म्हणून त्याचा उल्लेख असल्याचे मानतात. ग्रीक लोक त्याला 'अप्सिंथिऑन' म्हणत आणि द्राक्षाच्या मद्यात भिजवून पोटाच्या तक्रारीवर घेत. रोमचा प्लिनी एक गमतीदार प्रथा सांगतो. लॅटिन उत्सवात कॅपिटोल टेकडीवर चार घोड्यांच्या रथांची शर्यत लागे आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून काय, तर कडूदवण्याचा पेला! आरोग्यासारखे मानाचे बक्षीस दुसरे नाही, अशी पूर्वजांची समजूत असावी, असा प्लिनीचा तर्क. आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात ही प्रथा सुरू केली तर पहिला नंबर कोणी काढणार नाही.

हाच ग्रीक शब्द अरबी वैद्यकातून फिरत फिरत 'अफसंतीन' झाला आणि युनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आला. हैदराबादेत वाढलेल्या आमच्या वाचकांना अत्ताराच्या दुकानातले हे नाव कदाचित आठवेल. यकृताच्या विकारावर, जुनाट तापावर, भूक मेल्यावर हकीम अफसंतीन देत आले आहेत. म्हणजे रोमच्या रथवाल्याच्या हातातला पेला आणि चारमिनारच्या सावलीतली ती पुडी, दोन्हींत पाने एकाच झाडाची.

आपल्या मराठी घरांत मात्र या कुळातला जो प्रतिनिधी पोहोचला तो दुसराच. किरमाणी ओवा. नावात ओवा असला तरी त्याचा ओव्याशी काही संबंध नाही. इराणातल्या किरमानवरून त्याचे नाव पडले. हे बी नव्हेच, या कुळातल्या एका झुडपाच्या न उमललेल्या कळ्या आहेत. आजीच्या फडताळात त्याची डबी असे. पोरगे झोपेत दात खाऊ लागले, नाक खाजवू लागले की जंत झाले असे निदान होई आणि चिमूटभर किरमाणी ओवा गुळात कालवून पोटात जाई. गुळाचा गोडवा संपला की जी चव मागे राही ती मी पन्नाशी उलटून गेल्यावरही विसरलेलो नाही.

यात आजीचे अज्ञान होते असे कोणी समजू नये. १८३० साली जर्मनीत या कळ्यांतून सँटोनीन नावाचे स्फटिक वेगळे काढण्यात आले आणि पुढे शंभरएक वर्षे गोल जंतांवर डॉक्टरी पेशातले ते एक प्रमुख औषध होते. रुशियाच्या तुर्कस्तानात चिमकेंत येथे, म्हणजे आजच्या कझाखस्तानातील शिमकेंतला, त्याचा मोठा कारखाना होता. रात्री सँटोनीनची पुडी आणि सकाळी एरंडेल, हा क्रम आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने भोगला आहे. हे औषध पोटात गेले की काही तास सगळे जग पिवळे दिसे. जंत मरत नसत, लुळे पडत. एरंडेल त्यांना बाहेर काढी. मात्रा जास्त झाली तर मुलाला झटके येत आणि प्रसंगी जीवही जाई. म्हणून १९५० नंतर पायपरेझिनसारखी निर्धोक औषधे आली तसे सँटोनीन मागे पडले. गुण होता आणि धोकाही होता. चिमूट कोणाच्या बोटांची, यावर सारे अवलंबून. आजीची बोटे बारीक होती हे आमचे नशीब.

कडू औषध तसेच घशाखाली उतरत नाही. आपण गूळ घातला, युरोपने दारू घातली. इंग्लंडमधले मजूर सकाळी कामावर जाण्यापूर्वी कडूदवणा घातलेली गरम बिअर पीत, तिला 'पर्ल' म्हणत. जर्मन भाषेत या झाडाला 'वेरमूट' म्हणतात. त्या नावावरून व्हर्मूथ हे सुगंधी मद्य प्रसिद्ध झाले आणि त्याचा आजचा अवतार १७८६ साली इटलीतील तुरिन येथे कार्पानो याने विक्रीस आणला, असे मानतात. मोरोक्कोत तर दारूचाही प्रश्न नाही. हिवाळ्यात पुदिना मिळेनासा झाला की तिथले लोक चहात याची डहाळी टाकतात. इंग्रजी 'वर्मवुड' शब्दाचीही अशीच मौज आहे. मूळ शब्द 'वेर्मोद', त्यात ना जंत ना लाकूड. परंतु झाड जंतांवर चालते हे लोकांना ठाऊक होते, तेव्हा त्यांच्या जिभेने शब्दातच जंत आणून बसवला.

पण कडूदवण्याची खरी कथा घडली ती स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती जरा सावकाश ऐकावी.

स्वित्झर्लंडच्या नूशातेल परगण्यात वाल-द-त्राव्हेर नावाचे एक खोरे आहे. फ्रान्सची हद्द तिथून काही मैलांवर. त्या खोऱ्यातल्या कूव्हे गावी अठराव्या शतकाच्या अखेरीस कडूदवणा आणि बडीशेपेच्या जातीची विलायती बिया मद्यार्कात भिजवून ऊर्ध्वपातन केलेला एक अर्क घरगुती औषध म्हणून विकला जाई. ही कृती परागंदा फ्रेंच डॉक्टरची की गावातल्या बायकांची, यावर तिथे अजून वाद चालतो. मला विचाराल तर बायकांची. असल्या गोष्टी बहुधा त्यांच्याच असतात, नाव मात्र डॉक्टरचे होते. १७९७ च्या सुमारास दुबिए नावाच्या गृहस्थाने ही कृती विकत घेऊन कारखाना काढला, आणि त्याचा जावई पेर्नो याने १८०५ साली हद्दीपलीकडे फ्रान्समधल्या पोंतार्लिए गावी दुसरा. कारण साधे होते. हद्द ओलांडताना द्यावा लागणारा कर वाचत होता. या पेयाचे नाव ॲबसिंथ.

१८३० पासून फ्रेंच फौजा अल्जीरियात लढत होत्या. तिथे तोफेपेक्षा ताप आणि हगवण यांनी माणसे अधिक मरत. तेव्हा पाण्यात घालून पिण्यासाठी शिपायांना ॲबसिंथ देण्यात येई. शिपाई घरी परतले ते ही चव घेऊन. पॅरिसच्या उपाहारगृहांतून संध्याकाळी पाचच्या सुमारास हिरवे पेले दिसू लागले. पेल्यावर भोकांचा चमचा, त्यावर साखरेचा खडा, वरून थंड पाण्याची बारीक धार, आणि पाणी पडताच तो पाचूसारखा द्रव दुधासारखा गढूळ होई. आधी हे श्रीमंतांचे व्यसन होते. पण १८६० नंतर फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे खाऊन टाकले, वाइन महाग झाली, आणि बीटच्या अर्कातून केलेले स्वस्त ॲबसिंथ गरिबांच्या हाती आले. त्यातल्या हलक्या मालात हिरवा रंग यावा म्हणून तांब्याचे क्षार घालीत. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये वर्षाला सुमारे ३ कोटी ६० लाख लिटर ॲबसिंथ खपत होते.

पोंतार्लिएत त्या काळी वीस-पंचवीस भट्ट्या चालत. ११ ऑगस्ट १९०१ रोजी पेर्नोच्या कारखान्यावर वीज पडली. आग पिंपांपर्यंत गेली तर गाव उडेल म्हणून लाखो लिटर ॲबसिंथ दू नदीत सोडून देण्यात आले. दोन-तीन दिवसांनी कित्येक मैलांवरच्या लू नदीच्या उगमाच्या पाण्याला ॲबसिंथचा वास येऊ लागला! दू नदीचे पाणी जमिनीखालून जाऊन लू नदीला मिळते, हे त्या वासाने उघडकीस आणले. भूगोलाचा हा धडा मी वर्गात नेहमी सांगतो आणि मुले तो कधी विसरत नाहीत. दारू कुठली, एवढे विचारायलाही विसरत नाहीत.

आता बदनामीकडे येऊ. मान्यां नावाच्या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने कडूदवण्याचे शुद्ध तेल गिनीपिगांना हुंगवले. त्यांना झटके आले. त्यावरून ॲबसिंथ पिणाऱ्याला होणारे वेड हे नुसत्या दारूच्या वेडाहून निराळे, असे त्याने प्रतिपादन केले. तेलातला दोषी पदार्थ थुजोन हे खरे. परंतु शुद्ध तेल आणि पेल्यातला त्याचा अंश यांत जो फरक आहे तो त्या गदारोळात कोणी मोजला नाही. मग २८ ऑगस्ट १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधील कोम्युन्यी गावात लांफ्रे नावाच्या मजुराने आपली गरोदर बायको आणि दोन लहान मुली यांना बंदुकीने ठार मारले. त्या दिवशी त्याने काय प्यायले होते? सकाळी दोन पेले ॲबसिंथ, आणि त्याखेरीज दिवसभर लिटर-लिटरने वाइन, वर कॉन्यॅक. पण वर्तमानपत्रांनी उचलले ते दोन पेलेच. बंदीच्या अर्जावर ऐंशी हजारांवर सह्या झाल्या. द्राक्षमळेवाल्यांनाही हे सोयीचेच होते. वाइन निर्दोष सुटली आणि एक झुडूप फाशी गेले.

५ जुलै १९०८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत झाले. साठ टक्क्यांहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली. ज्या नूशातेल परगण्यात हे पेय जन्मले त्याने विरुद्ध मत दिले, पण देशाच्या बेरजेत एका खोऱ्याचे मत ते किती? ७ ऑक्टोबर १९१० पासून बंदी लागू झाली. कडूदवण्याची शेते नांगरून टाकावी लागली. आणि काही वर्षे तर अशी गेली की, हद्दीच्या अलीकडे जे पेय गुन्हा होते ते चार मैलांवर पलीकडे राजरोस विकले जात होते. फ्रान्सने १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, बंदी घातली तेव्हा कुठे दोन्हीकडे एक न्याय झाला. त्या खोऱ्यातल्या लोकांनी काय केले असेल हे आपल्याला सांगायला नको. त्यांनी हिरवा रंग टाकून दिला. बिनरंगाचे, पाण्यासारखे दिसणारे ॲबसिंथ स्वयंपाकघरात आणि गोठ्यात गाळले जाऊ लागले आणि त्याला 'ला ब्लू', म्हणजे निळी, असे नाव पडले. ही निळी दोन-तीन पिढ्या टिकली. १९८३ साली फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ नूशातेलला पाहुणे म्हणून आले, तेव्हा जेवणानंतरच्या गोड पदार्थात ती घातली गेली आणि केवढा गहजब झाला!

बंदी उठली ती १ मार्च २००५ रोजी. फ्रान्सचा जुना कायदा २०११ साली रद्द झाला. मध्यंतरी २००८ साली रसायनशास्त्रज्ञांनी बंदीपूर्व काळातल्या तेरा सीलबंद बाटल्या उघडून तपासल्या. त्यांत थुजोन निघाले लिटरमागे सरासरी २५ मिलिग्रॅमच्या आसपास. आज युरोपात आर्टेमिसिया कुळातल्या झाडांपासून केलेल्या मद्यांना ३५ मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे. मद्यार्क मात्र त्या पेयात शेकडा सत्तरच्या घरात असे. म्हणजे माणसे बिघडवली ती दारूने, आणि शिक्षा शंभर वर्षे भोगली कडूदवण्याने. त्या खोऱ्यातल्या मोतिए गावी ज्या इमारतीत चोरट्या गाळणाऱ्यांवर खटले चालत, तिथेच २०१४ पासून ॲबसिंथचे संग्रहालय आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मुख्याध्यापकांनी दारूची वकिली आरंभली. तसे नाही. अल्जीरियातल्या त्या शिपायांकडे पुन्हा एकदा वळायचे आहे. तापावर कडूदवणा, ही त्यांची कल्पना निव्वळ खुळी नव्हती. झाड चुकले होते. ज्या भावंडाच्या पानात हिवतापाचे औषध होते ते चीनमध्ये उगवत होते.

चौथ्या शतकातल्या गे हुंग नावाच्या चिनी वैद्याने पाळीच्या तापावर एक साधा उपाय लिहून ठेवला आहे. मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवावे, पिळून रस काढावा आणि सगळा पिऊन टाकावा. १९६७ च्या २३ मे रोजी चीन सरकारने हिवतापावरील औषध शोधण्याची एक गुप्त मोहीम सुरू केली. व्हिएतनामच्या जंगलात गोळीपेक्षा डास अधिक माणसे आडवी करीत होते. थू यूयू या संशोधक बाईंनी जुन्या ग्रंथांतून दोन हजार उपाय गोळा केले. छिंगहावचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. मग त्यांनी गे हुंगचे ते वाक्य पुन्हा वाचले. त्यात उकळण्याचा शब्दच नव्हता. पाणी थंड होते! उष्णतेने गुण जात असावा असे मनात येऊन त्यांनी इथरच्या साहाय्याने कमी तापमानाला अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या त्या अर्काने उंदरांतील हिवतापाचे जंतू पूर्ण नाहीसे केले. पुढल्या वर्षी बाईंनी आणि सहकाऱ्यांनी रोग्यांना देण्याआधी तो स्वतः घेऊन पाहिला. आर्टेमिसिनिन ते हेच. २०१५ साली थू यूयूंना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही फाल्सिपेरम हिवतापावर आज ज्या जोडगोळ्या देतात, त्यांत त्याचाच वंशज असतो.

आपल्या आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट असे पाच प्रकार वेगवेगळे का सांगितले, हे मला ही हकीकत वाचल्यावर उमगले. पिळलेला रस निराळा, थंड पाण्यात भिजवलेला हिम निराळा आणि उकळलेला काढा निराळा. आम्ही मात्र सगळ्याला सरसकट काढा म्हणून मोकळे होतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणात आमच्या शाळेतला आठवीचा एक मुलगा पाच दिवस आला नाही. घरी गेलो तर पोरगे हुडहुडी भरून गोधड्यांत पडलेले. आई चुलीवर कसलासा कडू पाला उकळत होती. 'सर, चीनमध्ये यालाच बक्षीस मिळालंय म्हणे,' वडील म्हणाले. कोणीतरी बाजारातून पुडी आणून दिली होती. २०२० साली कोरोनाच्या दिवसांत मादागास्करच्या सरकारने या कुळातल्या पाल्याचे पेय बाटल्यांत भरून वाटले होते, तेव्हापासून असल्या पुड्यांना भाव आला असावा. मी त्यांना थू यूयूंची गोष्ट सांगत बसलो नाही. मुलाला स्कूटरवर मध्ये बसवले, मागे वडील, आणि सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला नेले. हिवतापच निघाला. पाल्यात औषधाचा अंश पानागणिक कमी-जास्त असतो. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या पाल्याचा चहा किंवा चूर्ण हिवतापावर घेऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. मुलगा गोळ्यांनी बरा झाला. आईला मात्र आपल्या काढ्याने गुण आला असे अजून वाटते आणि मी तो वाद घालत नाही.

यंदा चैत्रात त्याचे वडील जोतिबाला जाऊन आले. मुलाने दवण्याची एक जुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि विचारले, 'सर, हापण तापावर चालतो का?'

'नाही रे. हा देवाला वाहायचा आणि वास घ्यायचा.'

तो गेल्यावर जुडी मी जुन्या हजेरीपटांच्या कपाटात ठेवली. आजीचे म्हणणे खरे की खोटे, ते पुढच्या चैत्रात कपाट उघडल्यावर कळेल.